पहिल्या पानाचा सोस

गावोगावच्या वाचनालयांनी, देवस्थानांनी आणि साहित्यसंस्थांनी आपापली संकेतस्थळे उघडली, ही समाधानाची गोष्ट आहे. मात्र संकेतस्थळापाठोपाठ एक सल्लागारही दारी येऊ लागला आहे. ‘गूगलवर तुमच्या संस्थेचे नाव पहिल्या पानावर आणून देतो, दरमहा अमुक रक्कम द्या,’ असे त्याचे सांगणे असते. या व्यवसायास ‘सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन’ म्हणतात. साहित्यसंस्थेने या कामी एक रुपयाही खर्चू नये आणि तोच पैसा अक्षरजुळणीवर व मुद्रितशोधनावर लावावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

या व्यवसायाचा पूर्वेतिहास पाहण्यासारखा आहे. १९९८ साली गूगल स्थापन झाले, तेव्हा त्याची कल्पना साधी होती. ज्या पानाकडे इतर पाने बोट दाखवतात, ते पान महत्त्वाचे मानावे. लगेच बोटे विकत मिळू लागली. कोणी पानावर एकच शब्द शंभरदा लिहिला, कोणी पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांत तो दडवला. २०११ आणि २०१२ साली गूगलने आपले नियम कठोर केले आणि अशा क्लृप्त्यांवर उभे असलेले कित्येक इमले कोसळले. मार्च २०२४ मध्ये, केवळ क्रमांक मिळवण्यासाठी घाऊक मजकूर पाडण्याविरुद्धही त्याने धोरण जाहीर केले. तात्पर्य, क्लृप्तीचे आयुष्य पुढच्या नियमापर्यंतच असते.

आता तर ‘पहिले पान’ ही कल्पनाच डळमळीत झाली आहे. ऑगस्ट २०२४ पासून भारतातही गूगल अनेक प्रश्नांना यादीच्या माथ्यावर यंत्राने रचलेले सारांशरूप उत्तर देते. पुष्कळ तरुण तर शोधयंत्राकडे न जाता थेट संभाषण करणाऱ्या यंत्रालाच विचारतात. वाचक उत्तर घेतो आणि मूळ पानाकडे फिरकत नाही. दुकानदाराचा यात तोटा आहे, कारण त्याला गिऱ्हाईक हवे असते. साहित्यसंस्थेचे प्रयोजन निराळे आहे. आपले ज्ञान योग्य रीतीने व नावानिशी लोकांपर्यंत पोहोचावे, एवढेच तिला हवे. म्हणून आपला प्रश्न असा की, पेडणे-डिचोलीविषयी यंत्र जे उत्तर देईल, ते कोणाच्या लेखनावरून देईल?

या प्रश्नाचे आजचे उत्तर फारसे सुखावह नाही. मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये वाहतुकीस खुला झाला. हरमल, मोरजी, मांद्रे ही नावे तेव्हापासून खोल्या आणि भूखंड विकणाऱ्यांनी अधिकच व्यापली आहेत. त्यांतही ती नावे आपल्या रूपात नसतात. पोर्तुगीज दप्तराने पेडण्याचे ‘पेर्नेम’, डिचोलीचे ‘बिचोलिम’, साखळीचे ‘सांकेलिम’ आणि हरमलचे ‘अरांबोल’ केले. मुक्तीनंतरही रोमन लिपीतील सरकारी कागदांवर ही रूपे ठाण मांडून राहिली. शासकीय सेवेत आयुष्य घालवलेल्या माणसास हे वेगळे सांगावे लागत नाही. एक-चौदाच्या उताऱ्यावर ज्याने आपल्या गावाचे नाव वाचले आहे, तो प्रत्येक जण हे जाणतो.

केरीचे उदाहरण घ्या. केरी पेडण्यात आहे, सत्तरीत आहे आणि फोंड्यातही आहे. रोमन लिपीत कुठे ‘केरी’, तर कुठे ‘केरिम’. तालुक्याचा उल्लेख नसेल, तर यंत्राने कोणती केरी समजावी? संत सोहिरोबानाथांचे नाव कोणी ‘सोयरोबा’ लिहितो, कोणी ‘सोहिरोबा’. विर्नोड्याच्या शासकीय महाविद्यालयास त्यांचेच नाव आहे. पण एका रूपाने शोधणाऱ्यास दुसऱ्या रूपातील लेखन सापडेलच, याची शाश्वती नाही. नार्व्याच्या श्रीसप्तकोटेश्वराचे मंदिर शिवछत्रपतींनी १६६८ साली पुन्हा उभारविले, तसा शिलालेख तेथे आहे. परंतु ‘नारोआ’ म्हणजे नार्वे, हे सांगणारे वाक्य पानावर नसेल, तर त्या दोन नावांची गाठ यंत्राने कशी घालावी?

याहून मोठी अडचण आपणच निर्माण केलेली आहे. युनिकोडपूर्व काळापासून चालत आलेल्या जुन्या फाँटांत जुळवलेला मजकूर डोळ्यांना देवनागरी दिसतो, पण यंत्राच्या लेखी ती निरर्थक रोमन चिन्हांची रास असते. काही संस्थांनी जुन्या अंकांची छायाचित्रे काढून ती संकेतस्थळावर चढवली. छायाचित्रातील अक्षर यंत्राला थोडेफार वाचता येऊ लागले आहे खरे. तथापि फिकट शाई आणि जीर्ण जोडाक्षरे यांपुढे ते वारंवार चुकते, आणि ती चूक दुरुस्त करणारा मुद्रितशोधक आपण नेमलेलाच नसतो. ज्या घरास दार नाही, त्यावर रोषणाई करून पाहुणा आत कसा येणार?

‘आमचे लेखन यंत्र फुकट नेईल,’ असा आक्षेप कोणी घेतील. तो अगदीच निराधार नाही. आपला मजकूर वापरताना श्रेय दिले जावे, ही मागणी आपण लावून धरलीच पाहिजे. मात्र कपाटातले लेखन वाळवीही फुकटच नेते, आणि तिच्याकडून श्रेयाची अपेक्षा करता येत नाही. शिवाय आपण गप्प राहिलो म्हणून यंत्र गप्प राहत नाही, ते परक्याच्या शब्दांत आपल्याविषयी बोलत राहते. या महालांत पिढ्यान्‌पिढ्या नांदलेल्या आपल्या घराण्यांनी, ज्यांच्या माळ्यावर आजही बाडे आणि मोडी कागद आहेत, हे पाहत बसावे काय?

करावयाचे काम साधे आहे. नवा अंक युनिकोडमध्ये सिद्ध व्हावा. जुन्या अंकांची लेखक, शीर्षक व वर्ष यांची सूची प्रथम टंकित करावी. प्रत्येक लेखात गावासोबत तालुका, आणि एकदा तरी रोमन रूप द्यावे. लेखावर लेखकाचे नाव व तारीख असावी. जुने लेख चढवताना लेखकाची वा वारसांची लेखी अनुमती घ्यावी, कारण आपल्या कायद्यात हा हक्क लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षे टिकतो. याला जादूगार लागत नाही. शुद्ध मराठी जाणणारी दोन माणसे आणि नियमित मानधन पुरे.

शोधयंत्रांचे नियम उद्या पुन्हा बदलतील, कदाचित शोधयंत्र हा शब्दही मागे पडेल. तेव्हाही नीट जुळवलेला, नावगाव असलेला खरा मजकूर उपयोगी पडेल. संस्थेच्या पुढील अंदाजपत्रकात ‘प्रसिद्धी’ या शीर्षाखाली सल्लागाराचे शुल्क धरण्याचा प्रस्ताव आल्यास सभासदांनी त्यास विरोध करावा, आणि ती रक्कम ‘टंकलेखन व मुद्रितशोधन’ या शीर्षाखाली वळवावी, अशी माझी आग्रहाची सूचना आहे.