लखोटा उघडताना

क्रिकेटच्या सामन्यात चेंडू उंच उडाला की आपण ओरडतो, "जा, जा, सीमेपार जा!" आपल्या ओरडण्याने तो जात नाही, हे आपल्याला ठाऊक असतं. पण निदान चेंडू तेव्हा हवेत असतो, त्याचं काय व्हायचं ते अजून ठरायचं असतं. चित्रपटांच्या बक्षीस समारंभाचं तसं नाही. तिथे निकाल आधीच लागलेला असतो. कागदावर छापून, लखोट्यात घालून, लखोटा चिकटवूनसुद्धा झालेला असतो. तरी आम्हा सिनेमावेड्यांचं काय चाललेलं असतं, सांगू? टीव्हीसमोर हात जोडायचे, डोळे गच्च मिटायचे आणि मांडी मुळीच मोडायची नाही. का, तर मागचं बक्षीस 'आपल्याला' मिळालं तेव्हा आपण असेच बसलो होतो!

१३ मार्च २०२३ ची सकाळ घ्या. अमेरिकेत लॉस एंजेलिसला रविवारची संध्याकाळ होती आणि आपल्याकडे सोमवारची पहाट, साडेपाचचा सुमार. ऑस्करचा ९५ वा सोहळा सुरू झाला. मतदान ७ मार्चलाच संपलं होतं. इथे मत देतात ते अकादमीचे सभासद. अकादमी म्हणजे अमेरिकेतल्या सिनेमावाल्यांची संस्था. नट, दिग्दर्शक, संकलक, वेशभूषाकार असे हजारो सभासद आहेत तिचे. त्यांची मतं मोजून झाली होती आणि मोजणाऱ्या एक-दोघांशिवाय निकाल कुणालाच माहीत नव्हता. मी मात्र इकडे 'नाटू नाटू' या गाण्यासाठी देवाला साकडं घालत होते. सासूबाई चहा गाळता गाळता म्हणाल्या, "अगं, पेपर तपासून गठ्ठे बांधून झाले. आता नवस कसला बोलतेस?"

आता हा लखोटा आला कुठून, ते ऐका. पहिला सोहळा १६ मे १९२९ रोजी हॉलिवूडच्या रूझवेल्ट हॉटेलात झाला. बक्षिसं वाटायला लागली जेमतेम पंधरा मिनिटं! कारण कोण जिंकलं हे तीन महिने आधीच जाहीर झालेलं होतं. मग नावं त्या रात्रीपर्यंत गुप्त ठेवायची पद्धत आली. पण वर्तमानपत्रांना यादी आधी द्यायचे, रात्री उशिरा छापायच्या अटीवर. १९४० साली एका वर्तमानपत्राने ती संध्याकाळच्याच अंकात छापून टाकली. समारंभाला निघालेल्या पाहुण्यांनी वाटेतच निकाल वाचला, बसा आता! झालं, पुढच्या वर्षापासून, म्हणजे १९४१ पासून, बंद लखोटा आला. आपण जो श्वास रोखून धरतो ना, तो तेव्हापासूनचा.

एकदा मात्र या लखोट्याने भलताच घोटाळा केला. २०१७ साली शेवटचं, सगळ्यांत मोठं बक्षीस द्यायला आलेल्या पाहुण्यांच्या हाती चुकून आधीच्या, उत्कृष्ट अभिनेत्रीच्या बक्षिसाचा लखोटा गेला. प्रत्येक लखोट्याच्या दोन प्रती असतात, एक मंचाच्या या बाजूला, एक त्या बाजूला, त्यातली उरलेली प्रत! कार्डावर अभिनेत्रीचं आणि तिच्या चित्रपटाचं नाव होतं. पाहुणे गोंधळले आणि 'ला ला लँड' असं पुकारलं गेलं. मंडळी मंचावर आली, बाहुल्या हातात घेतल्या, आभारही मानून झाले. तेवढ्यात कळलं की खरं बक्षीस 'मूनलाइट'ला आहे. त्या वेळी 'ला ला लँड'चे एक निर्माते जॉर्डन होरोविट्झ स्वतः पुढे झाले, माइकवर त्यांनी सांगितलं की जिंकलाय तो 'मूनलाइट', आणि खरं कार्ड कॅमेऱ्यासमोर धरलं. हातात आलेली बाहुली परत देणारा माणूस मी त्याआधी कधी पाहिला नव्हता. तेवढा तुकडा कुठे पाहायला मिळाला तर जरूर पाहा.

पण आपल्याकडच्या चाहत्यांना विचाराल तर सगळ्यांत लांब सकाळ ती २००२ ची, २५ मार्चची. तुमच्यापैकी कुणाचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. मी शाळेत होते. परभाषेतल्या चित्रपटांच्या बक्षिसासाठी शेवटच्या पाचांत 'लगान' होता. त्याआधी हा मान फक्त दोन भारतीय चित्रपटांना मिळाला होता, 'मदर इंडिया' आणि 'सलाम बॉम्बे'. 'लगान'चे दिग्दर्शक आपले आशुतोष गोवारीकर. चित्रपटात क्रिकेट, दुष्काळ, इंग्रजांशी पैज! आणखी काय हवं? गल्लीत कुणालाच शंका नव्हती. आमिर खान आणि गोवारीकर तिकडे सभागृहात बसले होते आणि इकडे सारा देश पाटावर बसलेल्या बटूसारखा स्तब्ध. आणि तो सोहळा तरी किती लांबावा? चार तास तेवीस मिनिटं! इतका लांबलेला सोहळा ऑस्करच्या इतिहासात दुसरा नाही.

लखोटा उघडला. नाव आलं 'नो मॅन्स लँड'.

बाप रे, काय चिडले होते सगळे! "परीक्षकांना क्रिकेट कळत नाही," हे तर दिवसभर ज्याच्या त्याच्या तोंडी. गंमत अशी की ज्या चित्रपटावर सगळे चिडले होते, तो आमच्या आसपास एकानेही पाहिलेला नव्हता. त्याचं नावदेखील आदल्या दिवसापर्यंत ऐकलेलं नव्हतं.

मी तो पुढे पाहिला. बोस्निया नावाच्या छोट्याशा देशातली गोष्ट आहे. १९९२ ते १९९५ तिथे भयंकर युद्ध झालं, एकाच भाषेत बोलणाऱ्या शेजाऱ्यांचं. दिग्दर्शक डॅनिस टॅनोविच तिथलेच. गोष्टीत दोन सैन्यांच्या मधोमध एक खंदक आहे आणि त्यात दोन शत्रू अडकले आहेत, एक इकडचा, एक तिकडचा. तिसरा सैनिक जमिनीवर पडलेला, आणि त्याच्या पाठीखाली सुरुंग. तो जरा जरी उठला तरी स्फोट होणार! बाहेर पडायचं तर दोघा शत्रूंना एकमेकांची मदत हवी. बोलता बोलता दोघांच्या ओळखीची एकच मुलगी निघते, आणि घटकाभर वाटतं की हे आता मित्र होणार. पुढचं सांगत नाही. दहावीनंतर बघा, आत्ता नको. आपला 'लगान' पावणेचार तासांचा, तो दोन तासांचाही नाही. मला विचाराल तर 'लगान' माझा अजूनही तितकाच लाडका आहे. पण त्या सुरुंगावरच्या माणसाला कुणी बक्षीस देऊ नका, असं माझ्याने म्हणवत नाही.

आता आमच्या घरातला एक शब्द तुम्हाला सांगते, 'चहाची बक्षिसं'. सोहळ्याच्या मधल्या भागात वेशभूषा, ध्वनी, संकलन, लघुमाहितीपट अशी बक्षिसं येतात. ओळखीचा चेहरा एकही नाही. तेव्हा घराघरांतले चाहते उठतात. कुणी चहा ठेवायला, कुणी दात घासायला. "नट-नट्यांचं आलं की हाक मार गं!" असं सांगून जातात.

पण आपल्याला मिळालेली ऑस्कर आठवून बघा. पहिलं मिळालं ११ एप्रिल १९८३ ला, 'गांधी' चित्रपटाच्या वेशभूषेसाठी. जॉन मोलो या इंग्रज वेशभूषाकारांबरोबर ते मिळालं भानू अथैया यांना. या बाई कोल्हापूरच्या, माहेरच्या राजोपाध्ये. गांधीजींच्या आयुष्याची पन्नासेक वर्षं त्या चित्रपटात आहेत. आफ्रिकेतला सुटाबुटातला बॅरिस्टर हळूहळू गुडघ्यापर्यंतच्या पंचापर्यंत येतो. कुठलाही संवाद न बोलता हे नुसत्या कपड्यांनी सांगायचं, शिवाय भोवतीची हजारोंची गर्दी आहेच. कुणाचं मुंडासं कसं, कुणाचं लुगडं कसं, कुठल्या सालात खादी किती दिसायला हवी, सगळं बघायचं. आणखी एक, 'लगान'मधल्या गावकऱ्यांचे कपडेही भानूताईंचेच. त्यासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. म्हणजे २००२ च्या त्या सकाळी ऑस्कर मिळवलेल्या बाईंचं काम आपल्या चित्रपटात होतंच की! गल्लीत मात्र त्यांचं नाव कुणी काढलं नाही. पुढे २०१२ मध्ये त्यांनी आपली बाहुली अकादमीकडे परत पाठवली. आपल्यामागे ती नीट जपली जावी, एवढीच त्यांची इच्छा. २०२० मध्ये त्या गेल्या.

२००९ साली 'स्लमडॉग मिलेनियर'च्या वेळी ए. आर. रहमान यांना दोन बाहुल्या मिळाल्या, ते सगळ्यांना पाठ आहे. पण त्याच रात्री ध्वनिमिश्रणासाठी रसूल पूकुट्टी मंचावर होते. रेल्वेची धडधड, झोपडपट्टीतला कोलाहल आणि त्यातून नेमका ऐकू यायला हवा तो आवाज, हे सगळं जमवणाऱ्या माणसांपैकी ते एक. तेही चहाचंच बक्षीस.

२०२३ च्या सकाळी तेच झालं. 'द एलिफंट व्हिस्परर्स' हा लघुमाहितीपट. चाळीसेक मिनिटांचा, तमीळ बोलीतला. निलगिरीतल्या मुदुमलाईच्या जंगलात बोम्मन आणि बेल्ली हे जोडपं रघू नावाच्या पोरक्या हत्तीच्या पिल्लाला वाढवतं, त्याची गोष्ट. हत्तीला न्हाऊमाखू घालताना बेल्ली त्याला असं रागावतात, जसं आपली आई आपल्याला! नाव पुकारलं गेलं आणि दिग्दर्शिका कार्तिकी गोन्साल्विस आणि निर्मात्या गुनीत मोंगा मंचावर आल्या. संपूर्ण भारतीय निर्मितीच्या माहितीपटाला मिळालेलं हे पहिलंच ऑस्कर. कार्तिकी बोलल्या. मग गुनीत माइककडे वळल्या आणि त्याच क्षणी वाद्यवृंद सुरू झाला! याचा अर्थ, वेळ संपली, खाली उतरा. बिचाऱ्यांना बोलायला मिळालंच नाही.

वक्तृत्व स्पर्धेत वेळेची घंटा वाजवायचं काम दरवर्षी माझ्याकडे असतं, त्यामुळे मला घंटेचं दुःख कळतं. सोहळा लांबतो, लोक कंटाळतात, सगळं खरं. भाषणाला पंचेचाळीस सेकंद म्हणजे पंचेचाळीस सेकंद, हेही मान्य. पण मंचावर माणसं दोन असली तर दुसऱ्याच्या वाट्याला काय? आमच्याकडे निदान पहिली घंटा इशाऱ्याची असते. साडेतीन तासांच्या समारंभात आणखी पंधरा सेकंद कुणाला जड झाले असते? मला विचाराल तर हा अन्यायच झाला. पुढे मुलाखतींतून गुनीत यांनी आपलं राहून गेलेलं बोलणं सांगितलं. पण टाळ्यांसमोर उभं राहून बोलणं ते बोलणं!

मग गाण्याची पाळी आली. घरात सगळे गोळा झाले. 'नाटू नाटू' हे गाणं 'आरआरआर' या तेलुगू चित्रपटातलं. त्यातला तो नाच युक्रेनची राजधानी कीव्ह इथे, एका राजवाड्यासमोर २०२१ मध्ये चित्रित झाला. पुढच्याच फेब्रुवारीत त्या देशावर युद्ध आलं. लखोटा उघडला, नाव आलं, आणि आमच्या घरात जो ओरडा झाला त्याने शेजारचे काका दार वाजवत आले. "काय झालं? कुणाला लागलं का?" संगीतकार कीरवाणी मंचावर चक्क एका जुन्या इंग्रजी गाण्याच्या चालीवर आपले आभार गायले. शेजारी गीतकार चंद्रबोस, चेहऱ्यावर नुसता आनंद.

ओरडा ओसरल्यावर मी बाकीच्या चार नावांकडे पाहिलं. त्यांत डायेन वॉरेन या गीतकार बाईंचं नाव होतं. ऑस्करच्या यादीत त्यांचं नाव पहिल्यांदा आलं ते १९८८ मध्ये. २०२३ ची ही त्यांची चौदावी खेप. चौदा वेळा लखोटा उघडला आणि चौदाही वेळा आत दुसऱ्याच कुणाचं नाव निघालं! आदल्या वर्षाच्या अखेरीस अकादमीने त्यांना सन्मान म्हणून एक बाहुली दिली होती खरी, पण स्पर्धेतली नाहीच. आणि या खेपेच्या गाण्याचं नाव काय होतं, माहीत आहे? 'अॅप्लॉज', म्हणजे टाळ्या! जगात कुठेतरी त्यांचाही एखादा वेडा चाहता टीव्हीसमोर मांडी न मोडता बसला असेल. आमच्या गल्लीची २००२ ची सकाळ त्या दिवशी त्याच्या घरात गेली.

आणि आमच्या त्या ओरड्यात एक नाव अगदीच बुडून गेलं. त्याच सोहळ्यात, आधी, मोठ्या माहितीपटांच्या यादीत आपला आणखी एक चित्रपट होता. शौनक सेन यांचा 'ऑल दॅट ब्रीद्स'. तो हरला. बक्षीस 'नवाल्नी'ला गेलं. ना कुणी चिडलं, ना कुणी परीक्षकांना बोल लावला. लोक चहा पीत होते.

हा चित्रपट दिल्लीतल्या दोन भावांवर आहे. नदीम आणि सऊद ही त्यांची नावं. वझिराबाद भागातल्या एका तळघरात ते घारींवर औषधोपचार करतात. हो, घारींवर! दिल्लीच्या धुरकट आकाशातून या घारी जखमी होऊन पडतात, लोक खोक्यात घालून त्यांच्याकडे आणून देतात. दोघे भाऊ जखम धुतात, टाके घालतात, पंख बांधतात आणि बऱ्या झाल्या की सोडून देतात. एका प्रसंगात घार झेप घेते आणि जाता जाता चष्माच पळवून नेते! आम्ही चौथीच्या वर्गात या घारींबद्दल बोललो, तेव्हा पहिला प्रश्न आला, "बाई, पण त्या पडतात कशाने?" कारणं बरीच आहेत. पण सगळ्यांत जास्त पंख कापतो तो आपल्या पतंगाचा काचेचा मांजा.