मावशींचं कौतुक पुरे, आधी त्यांना लस द्या

१२ मे म्हणजे फ्लोरेन्स नाइटिंगेल यांचा जन्मदिवस. त्या दिवशी जागतिक परिचारिका दिन असतो. सिस्टरांना गुलाब मिळतो, केक कापला जातो, फोटो निघतात. १ जुलैला डॉक्टरांची पाळी येते. दोन्ही दिवशी केकच्या डिश उचलणारी आणि नंतर फरशी पुसणारी व्यक्ती एकच असते, वॉर्डातली मावशी. पुरुष असेल तर मामा. कागदावर त्यांना नर्सिंग असिस्टंट म्हणा, वॉर्ड अटेंडंट म्हणा किंवा जनरल ड्यूटी असिस्टंट म्हणा.

"आमच्या मावशींना पैशाचं एवढं नसतं हो, दोन गोड शब्द बोललं की खूष असतात." हॉस्पिटल चालवणाऱ्या मंडळींकडून हे वाक्य मी अनेकदा ऐकलंय. आजचा लेख या वाक्याच्या विरोधात आहे.

मावशी नेमकं काय करतात?

"बेडपॅन देतात, साफसफाई करतात," असं बहुतेक जण सांगतील. जरा नीट पाहू.

अर्धांगवायूचा रुग्ण एकाच कुशीवर पडून राहिला की माकडहाड, टाच, नितंब या ठिकाणी हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी दाबली जाते. तिथला रक्तपुरवठा थांबतो आणि काही तासांत त्वचेला इजा सुरू होते. म्हणून अशा रुग्णाला साधारण दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते. म्हणजे दिवसाला बारा वेळा. फाइलवर ही सूचना डॉक्टर लिहितो, तिच्यावर लक्ष सिस्टर ठेवते, पण सत्तर किलोचा माणूस प्रत्यक्ष वळवणारे हात बहुतेक वेळा मावशी-मामांचे असतात.

नळीने किंवा चमच्याने भरवताना रुग्णाचं डोकं उंच हवं, नाहीतर अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो. ती उशी मावशी लावतात. साठ किलोच्या माणसाला तासाला किमान तीस मिली लघवी व्हायला हवी. ती कमी झाली, तर मूत्रपिंडं अडचणीत असल्याची ती पहिली खूण असू शकते. लघवीची पिशवी रिकामी करणाऱ्या मावशींनाच ते आधी दिसतं. "आजोबा आज बोलत नाहीत", "टाच लाल झालीय", "सकाळपासून चहासुद्धा घेतला नाही" ही वाक्यं मॉनिटर बोलत नाही.

म्हणजे हे काम उपचाराचाच भाग आहे. तो भाग ढिला पडला तर महागडं प्रतिजैविकही फार काही करू शकत नाही.

चांगली शुश्रूषा काय करू शकते?

याचं सगळ्यांत मोठं उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. अरुणा शानबाग या मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका. नोव्हेंबर १९७३ मध्ये त्यांच्यावर अमानुष हल्ला झाला आणि मेंदूला कायमची इजा झाली. १८ मे २०१५ रोजी त्यांचं निधन झालं. मधली जवळजवळ ४२ वर्षं केईएमच्या परिचारिका आणि कर्मचाऱ्यांनी त्यांना सांभाळलं. मार्च २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या शुश्रूषेची मुद्दाम दखल घेतली. इतकी वर्षं अंथरुणाला खिळूनही त्यांच्या अंगावर शय्याव्रण नव्हते.

यात माया होती, निष्ठा होती, हे खरंच. पण आणखी एक गोष्ट होती, तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. केईएम हे महापालिकेचं रुग्णालय आहे. तिथे वेतनश्रेणीची नोकरी होती, जुन्यांनी नव्यांना शिकवायला जुने जागेवर होते. माणसं टिकली म्हणून शुश्रूषा टिकली, असं माझं स्पष्ट मत आहे. दर दिवाळीनंतर मावशी बदलणाऱ्या हॉस्पिटलला निष्ठेच्या गोष्टी सांगायचा अधिकार नाही.

कौतुकाचं शास्त्र

जोहानेस सीग्रिस्ट या समाजशास्त्रज्ञाने १९९६ मध्ये एक सोपी मांडणी केली. माणूस कामात जेवढं ओततो, त्याच्या बदल्यात त्याला तीन गोष्टी मिळाव्या लागतात: पैसा, मान आणि नोकरीची शाश्वती किंवा पुढे जाण्याची वाट. कष्ट जास्त आणि परतावा कमी, असं तागडं सतत कलतं राहिलं तर शरीरावर ताण साचतो. पुढच्या अनेक अभ्यासांत या असमतोलाचा संबंध नैराश्याशी आणि हृदयविकाराशी दिसला आहे. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ मध्ये 'बर्नआउट'ला कामाशी निगडित स्थिती म्हणून आजारांच्या वर्गीकरणात जागा दिली.

यात मान आहे, म्हणजे कौतुक हवंच. पण तो तीनपैकी एक पाय आहे. एका पायावर तिवई उभी राहत नाही.

२२ मार्च २०२० च्या संध्याकाळी आपण सगळ्यांनी थाळ्या वाजवल्या. त्यानंतर केंद्र सरकारने कोविडशी लढणाऱ्या आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी ५० लाखांचं विमा कवच जाहीर केलं आणि त्यात वॉर्डबॉय, सफाई कर्मचारीही घेतले. निर्णय चांगलाच होता. पण त्याचा अर्थ एवढाच की मावशींच्या मरणाची किंमत ठरली, जगण्याची ठरायची राहिली. गरज सरो, वैद्य मरो ही म्हण आपण डॉक्टर स्वतःसाठी वापरतो. खरं तर ती मावशींना जास्त लागू पडते.

खरं कौतुक कसं ओळखायचं?

माझी कसोटी साधी आहे. तुमच्या हॉस्पिटलमधल्या मावशींना हिपॅटायटिस-बीची लस दिली आहे का?

वापरलेली सुई टोचल्यावर, लस न घेतलेल्या माणसाला हिपॅटायटिस-बी होण्याचा धोका ३० टक्क्यांपर्यंत असू शकतो. एचआयव्हीचा धोका साधारण ०.३ टक्के असतो, म्हणजे त्याच्या कितीतरी पट कमी. पण भीती आपल्याला एचआयव्हीची वाटते. सुई वापरतात डॉक्टर आणि सिस्टर. ती पांढऱ्या डब्यात न टाकता ट्रेमध्ये, चादरीत किंवा पिशवीत राहिली, तर टोचते मावशींना.

जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ हा मुद्दा स्पष्ट करतात. कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हिपॅटायटिस-बी आणि धनुर्वाताची लस द्यायची, रुजू होताना आणि नंतर दरवर्षी प्रशिक्षण द्यायचं, तशीच आरोग्य तपासणी करायची आणि संरक्षक साधनं पुरवायची. ही जबाबदारी हॉस्पिटलची आहे. लसीचे तीन डोस असतात: आज, एक महिन्याने आणि सहा महिन्यांनी. मावशी सहा महिने टिकणारच नाहीत असं गृहीत धरलं असेल, तर तिसरा डोस कोण देणार?

कुरुळीत बसून हे का लिहितोय?

कारण इथे तुलना डोळ्यांसमोर आहे. पुणे-नाशिक रस्त्यावर मोशीकडून चाकणला जाताना कुरुळी लागतं. आजूबाजूला वाहनांचे आणि सुट्या भागांचे कारखाने आहेत. मोठ्या कंपनीच्या गेटवर सेफ्टी शूज नसले तर आत सोडत नाहीत. ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन पाळतात. थोडक्यात टळलेल्या अपघाताचीही नोंद होते. तिथेही कंत्राटी कामगारांचे हाल आहेत, मी काही आरती ओवाळत नाही. पण प्रेसमध्ये बोट सापडलेला कामगार ज्या हॉस्पिटलात येतो, तिथे त्याचं रक्त पुसणाऱ्या मावशींच्या हातात पातळ प्लास्टिकचे मोजे असतात आणि सुई टोचली तर नोंदवही नसते. "डेटॉलने धुवा, काही होत नाही," एवढ्यावर भागतं.

लक्षात ठेवा: सुई टोचली तर जखम साबण-पाण्याने धुवायची, पिळायची नाही आणि लगेच डॉक्टरांना सांगायचं. एचआयव्हीप्रतिबंधक औषधं शक्य तितक्या लवकर, फार तर ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात.

मालकांचं म्हणणं

"पंधरा-वीस खाटांचं हॉस्पिटल आहे, विम्याचे पैसे अडकतात, कर्जाचा हप्ता आहे." खरं आहे. छोटं हॉस्पिटल चालवणं सोपं नाही. पण सोनोग्राफीच्या मशीनला वीज कमी द्या, हप्ता भरायचाय, असं आपण म्हणत नाही. मग मावशींच्या किमान वेतनावरच काटकसर का सुचते?

२०१६ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने खासगी रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या पगाराचा प्रश्न केंद्राकडे सोपवला. त्यानंतरच्या समितीने पन्नासपेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही महिना किमान २०,००० रुपयांची शिफारस केली. ती परिचारिकांसाठी होती. मावशींची गणती त्यात नव्हती. अमेरिकेत १९८७ च्या कायद्याने नर्सिंग होममधल्या सहाय्यकांना किमान ७५ तासांचं प्रशिक्षण सक्तीचं केलं. आपल्याकडे अनेक ठिकाणी पहिल्या दिवशी झाडू हातात देतात आणि दुसऱ्या दिवशी कॅथेटरची पिशवी.

आणि आपण, रुग्णांचे नातेवाईक?

बाळ झालं की मावशी 'खुशी' मागतात, मुलगा असेल तर जास्त, अशी तक्रार सगळे करतात. ती रास्त आहे. अशी मागणी बंदच व्हायला हवी. पण अपुरा पगार देऊन उरलेला पगार तुमच्या खिशातून वसूल करायची मुभा कुणी दिली, हेही विचारा. बिल भरताना काउंटरवर विचारा.

दुसरं, आपण त्यांना मावशी म्हणतो. नातं चांगलं आहे. पण सख्ख्या मावशीला कुणी "ए मावशी, बेडपॅन!" असं ओरडत नाही आणि सख्ख्या मावशीचं नाव आपल्याला माहीत असतं.

तेव्हा पुढच्या वेळी हॉस्पिटलात गेलात तर दोन प्रश्न विचारा. मावशींना विचारा, "तुमचं नाव काय?" आणि डॉक्टरांना विचारा, "यांचे तीन डोस झाले का?" पेढे त्यानंतर वाटा.