बांधावरून : बैल, धान्य आणि एक गोरा सेनापती



गेल्या भाद्रपदी पोळ्याला हडपसरच्या पुढे एका गावात जाणे झाले. काम संपल्यावर एका वयस्क शेतकऱ्याने हात धरून गोठ्यात नेले. झूल घातलेली, शिंगे रंगवलेली खिल्लार जोडी दाखवली आणि म्हणाला, "साहेब, ट्रॅक्टर आला, आता हे दोघं पोळ्यापुरतेच. पण आमचे आजोबा सांगायचे, पूर्वी बैलांवर राज्यं चालायची. खरं का?"

मी म्हणालो, "तात्या, चालायची. आणि बैलांवरच जायचीसुद्धा." मग पुरणपोळी होईपर्यंत त्यांच्या ओसरीवर बसून एक गोष्ट सांगितली. तीच आज तुम्हाला सांगतो. ही गोष्ट आपल्याला हरवणाऱ्या माणसाची आहे. पण शेजाऱ्याचे पीक आपल्यापेक्षा चांगले आले तर त्याने काय केले ते आपण बघतोच ना? तसेच हे बघू.

या माणसाचे नाव आर्थर वेलस्ली. जन्म १७६९, आयर्लंडमधील डब्लिन. १७९७ मध्ये तो इंग्रजी फौजेत कर्नल म्हणून हिंदुस्थानात आला. पुढच्याच वर्षी त्याचा थोरला भाऊ कंपनीचा गव्हर्नर जनरल झाला, त्यामुळे वशिलाही होता. पण नुसत्या वशिल्याने नांगर चालत नाही. १७९९ मध्ये टिपू सुलतान पडला आणि श्रीरंगपट्टणचा कारभार वेलस्लीकडे आला. तिथे त्याच्या हाती एक मोठी चीज लागली, ती म्हणजे म्हैसूर दरबारची 'अमृतमहाल' बैलांची खिल्लारे. हैदर आणि टिपूने लष्करासाठी जोपासलेली ही जनावरे होती. चपळ, काटक, तोफ ओढत घोड्याच्या फौजेबरोबर मजल मारणारी. आपल्या माणदेशी खिल्लारचे मूळही म्हैसूरकडच्या हल्लीकार बैलांतच शोधले जाते. म्हणजे तात्यांच्या गोठ्यातली जोडी त्यांची भाऊबंदच म्हणायची.

वेलस्लीने एक गोष्ट पक्की ओळखली. शिपाई कितीही शूर असो, त्याच्या पोटात तांदूळ आणि तोफेला बैल नसेल तर तो जागचा हलणार नाही. त्याच्या त्या काळच्या पत्रांत लढाईइतकेच बैल, तांदूळ, हरभरा आणि दारूगोळ्याच्या गाड्या हे विषय येतात. धान्य वाहायला त्याने लमाणांना गाठले. हजारो बैलांच्या पाठीवर गोणी लादून मुलूखभर फिरणारे हे लोक म्हणजे त्या काळची मालगाडीच. त्यांना पैसे मोजून दिले म्हणजे फौजेमागे बाजार आपोआप चालत येतो, हे त्याला कळले होते.

आता पुण्याकडे या. त्या वेळी आपल्या घरात काय चालले होते? तर भाऊबंदकी. शिंदे आणि होळकर एकमेकांच्या उरावर. दुसरा बाजीराव पेशवा कधी याच्या, कधी त्याच्या आश्रयाला. २५ ऑक्टोबर १८०२, ऐन दिवाळीचा सण. त्या दिवशी हडपसरजवळ यशवंतराव होळकरांनी शिंदे-पेशव्यांच्या फौजेचा पराभव केला. बाजीराव पळाला तो कोकणात उतरला आणि वसईला जाऊन इंग्रजांच्या पदराखाली शिरला. ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईचा तह झाला. इंग्रजांनी पेशव्याला सहा हजार कवायती पायदळ द्यायचे, त्याच्या खर्चासाठी पेशव्याने वर्षाला सव्वीस लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख तोडून द्यायचा आणि इंग्रजांना विचारल्याशिवाय कुणाशी तह-लढाई करायची नाही.

गावातला कुणी भावाशी भांडून तालुक्याच्या सावकाराकडे जातो, राखणदार मिळावा म्हणून शेत लिहून देतो आणि आपल्याच बांधावर परवानगीने उभा राहतो. वसईचा तह म्हणजे नेमके हेच खत होते.

या पेशव्याला परत गादीवर बसवायचे काम वेलस्लीकडे आले. मार्च १८०३ मध्ये त्याची फौज म्हैसूर मुलखातून निघाली. वाटेत त्याचा हुकूम कडक होता. रयतेकडून घेतलेल्या मालाचे पैसे द्यायचे. लुटालूट करणाऱ्याला फटके, प्रसंगी फाशी. हे काही तो साधू होता म्हणून नव्हे. लुटलेले गाव दुसऱ्या दिवशी ओस पडते, पेवे बुजवली जातात, आणि मागून येणारी फौज उपाशी मरते, हा त्याचा सरळ हिशेब होता. इकडे आपल्याच फौजांनी पुणे प्रांतात पिके तुडवली होती, चारा जाळला होता. परक्याची फौज पैसे मोजते आणि आपली फौज गोणी ओढून नेते, असे झाले की रयतेने मनातून कुणाची बाजू घ्यावी? हा प्रश्न मला आजही टोचतो.

पुणे जवळ आले तेव्हा त्याला बातमी लागली की, मागे उरलेले अमृतराव शहराला आग लावून निघणार आहेत. त्याने पायदळ मागे ठेवले, घोडदळ घेतले आणि सुमारे साठ मैलांची, म्हणजे जवळजवळ शंभर किलोमीटरची मजल साधारण बत्तीस तासांत मारली. २० एप्रिल १८०३ रोजी तो पुण्यात शिरला. शहर शाबूत होते. त्या वेळी त्याला चौतीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. १३ मे रोजी बाजीराव पुण्यात येऊन गादीवर बसला. गादी तीच, पण दोरी दुसऱ्याच्या हातात.

शिंदे आणि नागपूरकर भोसले यांना हा तह मान्य होणे शक्य नव्हते. लढाई जुंपली. वेलस्लीने मुद्दाम पावसाळ्यात हालचाल केली. त्याचा विचार असा, की नद्या भरल्या म्हणजे मराठी घोडदळाला मोकळे फिरता येणार नाही, पण आपल्याजवळ टोपलीला कातडे मढवलेल्या गोल नावा तयार असल्या तर आपण पलीकडे जाऊ. ऑगस्टमध्ये त्याने अहमदनगरचा, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचा किल्ला घेतला. धान्य साठवायला आणि पुढे सरकायला पक्की जागा मिळाली.

मग आली असईची लढाई, २३ सप्टेंबर १८०३. असई हे गाव आज जालना जिल्ह्यात आहे. केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात मराठी फौज होती. दहा हजारांवर कवायती पायदळ, शंभराच्या आसपास तोफा आणि अफाट घोडदळ. वेलस्लीकडे प्रत्यक्ष लढाईला साडेचार-पाच हजार माणसे. समोर केळणा वाहत होती आणि वाटाड्ये सांगत होते की इथे उतार नाही. वेलस्लीने दुर्बीण लावली. नदीच्या अल्याड एक गाव, अगदी समोर पल्याड दुसरे गाव. पिंपळगाव आणि वरूड. तो म्हणाला, दोन गावे अशी समोरासमोर वसली असतील तर त्यांची येजा असणारच, आणि येजा असेल तर पायउतार असणारच. माणूस पाठवून पाहिले तर खरेच उतार निघाला. तिथूनच फौज पार झाली.

मंडळी, हे शहाणपण कुठल्या लष्करी पुस्तकातले नाही. हे तुमचे-आमचे शहाणपण आहे. सोयरीक पलीकडच्या गावात, जनावरांचा बाजार अलीकडच्या गावात, मग माणूस पाण्यातून वाट काढतोच. दुःख एवढेच, की आपल्या मुलखाचे हे गुपित परक्याने वाचले.

लढाई भयंकर झाली. शिंद्यांच्या गोलंदाजांनी तोफा सोडल्या नाहीत, तोफेजवळ उभे राहून ते मेले. वेलस्लीच्या तोफांचे इतके बैल आणि माणसे पहिल्याच माऱ्यात पडली की त्या तोफा पुढे नेताच येईनात. पायदळाला संगिनी घेऊन जावे लागले. त्याची सोळाशेच्या आसपास माणसे मेली नाहीतर जखमी झाली. मराठ्यांची हानी त्याहून कितीतरी मोठी, शिवाय ९८ तोफा गेल्या. पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवून जगभर नाव झालेल्या या माणसाला म्हातारपणी कुणी विचारले की तुमची सर्वांत चांगली कामगिरी कोणती, तर त्याने एकच शब्द उच्चारला, "असई".

नोव्हेंबरात अडगावची लढाई झाली आणि डिसेंबरात गाविलगड पडला. भोसल्यांनी देवगावला आणि शिंद्यांनी सुर्जी-अंजनगावला तह केले. चार-पाच महिन्यांत सारे आटोपले. आणि रयतेच्या वाट्याला काय आले? १८०३-०४ चा दुष्काळ. पाऊस कमी पडला हे खरे, पण त्याआधी तुडवलेली शेते, पळवलेली जनावरे आणि जाळलेली गंजी यांनी अर्धे काम करून ठेवले होते. पेरायला बैलच उरला नाही तर पाऊस येऊन काय उपयोग?

इथे आणखी एक नाव सांगायला हवे, बापू गोखले. १८०३ मध्ये पेशव्याचे सरदार म्हणून ते वेलस्लीच्या बाजूने होते. चौदा वर्षांनी, ५ नोव्हेंबर १८१७ रोजी, खडकीच्या माळावर त्याच इंग्रजांविरुद्ध त्यांनी पेशव्यांची फौज लढवली. फेब्रुवारी १८१८ मध्ये आष्टीला ते लढता लढता पडले. पण तोवर खत होऊन गेले होते आणि सही वाळून गेली होती.

वेलस्ली मात्र १८०५ मध्येच मायदेशी परतला. स्पेन-पोर्तुगालमध्ये त्याने फ्रेंचांशी लढाई केली. तिथेही रीत हीच. बैलांच्या जोडीला खेचरे आली, पण गावकऱ्यांना पैसे देणे आणि लुटारूंना शिक्षा करणे तसेच राहिले. १८१५ मध्ये वॉटर्लू झाले, तोवर तो ड्यूक ऑफ वेलिंग्टन झालेला होता. १८२८ मध्ये तो इंग्लंडचा पंतप्रधान झाला. पण शिपाई आणि पुढारी यांत फरक असतो. फौज हुकूम ऐकते, जनता ऐकत नाही. मतदानाचा हक्क वाढवा अशी मागणी लोक करीत होते. त्याने साफ नाही म्हटले आणि १८३० मध्ये सरकार गमावले. पुढे चिडलेल्या जमावाने लंडनमधल्या त्याच्या घराच्या काचाही फोडल्या.

आणि गंमत पाहा, त्याच्या राजकारणाचा शेवटचा मोठा प्रसंग पुन्हा धान्याचाच. परदेशी धान्यावर जकात बसवून तिथल्या जमीनदारांनी गव्हाचे भाव चढे ठेवले होते. १८४५ मध्ये आयर्लंडच्या बटाट्यावर करपा पडला. त्या गरीब देशात बटाटा म्हणजेच भाकरी. पुढच्या काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसे दगावली. पंतप्रधान पील यांनी जकात काढायचे ठरवले. वेलिंग्टनला ते मनातून पटले नव्हते. तरीही सरकार टिकावे म्हणून त्याने १८४६ मध्ये जमीनदारांनी भरलेल्या वरिष्ठ सभागृहात तो कायदा पार पाडून घेतला. १८५२ मध्ये तो वारला.

आंबेगाव-खेडकडच्या बटाटेवाल्यांनो, हाच तो उशिरा येणारा करपा. ढगाळ, दमट, थंड हवा चार दिवस टिकली की तो तुमच्याही वावरात उतरतो. बेणे निरोगी घ्या, रोगट झाडे ताबडतोब काढून नष्ट करा आणि रोग दिसण्याआधीच मॅन्कोझेबची फवारणी घ्या. ज्या रोगाने एका देशाचे कायदे बदलले, त्याला हलका समजू नका.

तात्यांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "म्हणजे साहेब, त्यानं आमच्याच बैलांनी, आमच्याच लमाणांनी, आमच्याच वाटेनं येऊन आम्हाला हरवलं."

मी म्हणालो, "तात्या, तुम्ही चार शब्दांत सांगितलंत. मी उगाच तासभर बोललो."

तेव्हा मंडळी, भावाशी वाद असेल तर तो घरात, नाहीतर गावातल्या चार माणसांत मिटवा. त्यासाठी तिसऱ्याला शेत लिहून देऊ नका. सही करण्याआधी कागद दोनदा वाचून घ्या. आणि दावणीला एक जरी बैल असला, तरी पोळा सरल्यावरही त्याच्या पाठीवरून हात फिरवीत जा. त्याच्या खांद्यावरून राज्ये आली आणि गेली आहेत.

तुमचा,
शेतकी खात्यातला मित्र