अक्कलकोटची सनद आणि आपली वस्ती

अक्कलकोट म्हटले की लोकांना स्वामी समर्थांचा वटवृक्ष आठवतो, राजवाड्यातले शस्त्रागार आठवते. या शहराचा कारभार कोण, कोणत्या कायद्याने आणि कोणाच्या मर्जीने चालवतो, हा प्रश्न यात्रेकरू विचारत नाहीत. दुर्दैवाने आपली माणसेही विचारत नाहीत. गटार तुंबले की आपण नगरसेवकाला शिव्या देतो. पण त्याला कायद्याने किती अधिकार दिले आहेत, आणि ते काढून कोण घेते, हे पाहत नाही. म्हणून आज थोडा इतिहास.

अठराव्या शतकाच्या आरंभी छत्रपती शाहूंनी रानोजी लोखंडे यांना पुत्रवत मानून फत्तेसिंह भोसले हे नाव दिले आणि अक्कलकोटची जहागीर त्यांच्याकडे आली. पुढे साताऱ्याचे राज्य खालसा झाल्यावर हे संस्थान इंग्रजांचे मांडलिक बनले. ८ मार्च १९४८ रोजी दख्खनच्या इतर संस्थानांबरोबर ते मुंबई प्रांतात विलीन झाले. म्हणजे दोनशेहून अधिक वर्षे येथे सत्तेची सनद राजाच्या नावाने होती. प्रजेच्या नावाने काही नव्हते. शेजारच्या सोलापुरात मात्र १८५२ पासून नगरपालिका होती.

पण ब्रिटिश मुलखातील नगरपालिका म्हणजे लोकशाही, असे समजण्याचे कारण नाही. १९०१ च्या मुंबई जिल्हा नगरपालिका कायद्याच्या काळात मताचा हक्क कर, मालमत्ता आणि प्रतिष्ठा यांच्याशी बांधलेला होता. ज्याला गावकुसाबाहेर ठेवले, त्याच्या नावावर मालमत्ता कोठून येणार? नगरपालिका होती, पण ती प्रस्थापितांची होती.

तिची कसोटी महाडला लागली. बोले ठरावाला अनुसरून महाड नगरपालिकेने १९२४ च्या जानेवारीत चवदार तळे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव केला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी तो ठराव कृतीत आणला. आणि ४ ऑगस्ट १९२७ रोजी त्याच नगरपालिकेने तो ठराव मागे घेतला! पुढे १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागला. नगरपालिकेच्या दप्तरातील एक ओळ पुसली गेली, तर ती न्यायालयातून परत मिळवायला दहा वर्षे लागतात, हा महाडचा धडा आहे.

अमेरिकेत मिसुरी राज्याने १८७५ च्या घटनेत मोठ्या शहरांना आपली सनद आपणच लिहिण्याचा अधिकार दिला. आपल्याकडचे काही विद्वान तसे स्वातंत्र्य येथेही मागतात. आम्ही त्यांना विचारतो, १९२७ च्या महाडला स्वतःची सनद लिहू दिली असती, तर तिच्यात काय लिहिले गेले असते? ऑक्टोबर १९३२ मध्ये मुंबई कायदेमंडळात ग्रामपंचायत विधेयकावर बोलताना बाबासाहेबांनी अस्पृश्यांच्या प्रतिनिधित्वाची हमी मागितली, ती याचसाठी. जेथे जात बहुमत ठरवते, तेथे हमी वरून, कायद्यातून यावी लागते.

ती हमी देशभर घटनेत आली ती ७४ व्या घटनादुरुस्तीने. १ जून १९९३ पासून कलम २४३-टी प्रमाणे लोकसंख्येच्या प्रमाणात अनुसूचित जाती-जमातींच्या जागा राखीव झाल्या. कलम २४३-यू ने मुदत पाच वर्षे ठरवली, त्याहून अधिक नाही. बाराव्या अनुसूचीत दुर्बल घटकांच्या हिताचे रक्षण आणि झोपडपट्टी सुधारणा ही नगरपालिकांची कामे म्हणून लिहिली गेली. अक्कलकोटची खरी सनद ही आहे. राज्याचा १९६५ चा नगरपरिषद कायदा तिच्या चौकटीतच राबला पाहिजे.

प्रत्यक्षात काय झाले? नगराध्यक्ष कोणी निवडायचा, हेच राज्यकर्त्यांना ठरवता आलेले नाही. १९७४ ला तो थेट जनतेतून निवडला, नंतर नगरसेवकांतून. २००१ ला पुन्हा थेट, २००६ ला पुन्हा नगरसेवकांतून. २०१६ ला थेट, २०२० ला रद्द, २०२२ ला परत थेट. यापैकी एकदाही अक्कलकोटच्या मतदाराला विचारले गेले नाही. ज्या पक्षाला ज्या पद्धतीत फायदा, ती पद्धत कायदा झाली. शिवाय एका प्रभागात दोन सदस्य केले की प्रभाग मोठा होतो, वस्तीचे मत पातळ होते. राखीव जागेवर आपला माणूस बसतो, पण निवडून येण्यासाठी तो दुसऱ्याच्या दाराशी उभा असतो.

याहून मोठा आघात झाला तो मुदतीवर. २०१६ च्या अखेरीस निवडून आलेल्या नगरपरिषदांची मुदत पाच वर्षांनी संपली आणि प्रशासक आले. ओबीसी आरक्षणावर सर्वोच्च न्यायालयाचा ४ मार्च २०२१ चा निकाल, मग बांठिया आयोग, मग प्रभागरचनेचे वाद. शेवटी ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयालाच निवडणुका घेण्याचा आदेश द्यावा लागला. डिसेंबर २०२५ मध्ये मतदान झाले. वास्तविक किशनसिंग तोमर प्रकरणात २००६ सालीच न्यायालयाने बजावले होते की प्रभागरचनेची सबब सांगून मुदत ओलांडता येणार नाही. ओबीसी बांधवांचा हक्क आम्हालाही प्रिय आहे, त्यासाठी लढलेच पाहिजे. पण त्या हक्काची आकडेवारी वेळेत गोळा करण्याचे काम सरकारचे होते. ते झाले नाही, आणि त्याची शिक्षा सर्व दुर्बलांना झाली.

प्रशासकाच्या राज्यात ठराव करणारा तोच आणि अंमल करणारा तोच. प्रश्न विचारणारा सभागृहात कोणी नाही. बड्या माणसाला त्याने फरक पडत नाही. तो साहेबाच्या केबिनमध्ये थेट जातो. नळाला पाणी नाही म्हणून फिरणाऱ्या आपल्या आयाबहिणींना मात्र नगरसेवक हाच एक दरवाजा असतो. तो बंद असताना कलम २४३-टी चे आरक्षण कागदावर शाबूत होते आणि सभागृहात शून्य होते. राखीव खुर्ची आहे, पण सभाच नाही, याला प्रतिनिधित्व म्हणायचे काय?

निवडणूक झाली म्हणून विजय झाला असे आम्ही मानत नाही. प्रत्येक वस्तीतील दोन शिकलेल्या मुलांनी १९६५ चा कायदा वाचावा. माहिती अधिकारात अर्ज करून प्रशासकाच्या काळातील ठरावांच्या प्रती मागाव्यात. मागासवर्गीयांसाठी राखून ठेवलेला निधी आणि नागरी दलितवस्ती सुधार योजनेचा पैसा कोणत्या रस्त्यावर, कोणत्या गटारावर खर्च झाला, हे जाऊन मोजावे. आणि पुढील मुदत संपण्याच्या सहा महिने आधीच निवडणुकीची मागणी लेखी नोंदवावी, म्हणजे न्यायालयात उभे राहताना हातात कागद असेल.

संस्थानात सनद राजाच्या पेटीत होती. आता ती संविधानात आहे, कोणालाही वाचता येते. महाडला आपण पाणी प्यायला गेलो होतो, ठराव आपला आहे हे सांगायला गेलो होतो. अक्कलकोटच्या नगरपरिषदेतही तेच सांगायला जायचे आहे.