दुखणे कमरेचे, विचार माणसाचा

१८८६ साली जमशेटजी टाटांनी कुर्ल्यातील डबघाईला आलेली धरमसी मिल विकत घेऊन तिला ‘स्वदेशी’ हे नाव दिले. पुढे येथेच प्रीमियर मोटारींचा कारखाना उभा राहिला. दोन्हींचे भोंगे थांबले. ओझी वाहणे मात्र थांबले नाही. कुर्ल्यातील हमाल, भंगाराच्या वखारीतील मजूर, रिक्षाचालक, शिलाई यंत्रावर दिवसभर वाकलेला कारागीर, साऱ्यांची तक्रार एकच : कंबर धरली आहे. आणि उपाय? औषधाच्या दुकानातील वेदनाशामक गोळी. फार झाले तर कमरेचा पट्टा.

अशा दुखण्यासाठी मुंबईत आता ‘ऑस्टिओपॅथी’चे नाव घेतले जाते. अँड्र्यू टेलर स्टिल या अमेरिकी वैद्याने १८७४ साली हा विचार मांडला. त्याआधी दहा वर्षे मेंदूज्वराने त्याची मुले दगावली होती आणि तत्कालीन औषधांवरील त्याचा विश्वास उडाला होता. शरीर सुट्या भागांचे यंत्र नाही, रचना बिघडली की कार्य बिघडते, बरे होण्याची शक्ती शरीरातच असते, हे त्याचे सूत्र. म्हणून ऑस्टिओपॅथ केवळ कंबर दाबत नाही. खुब्याचा सांधा, श्वास, उभे राहण्याची ढब, झोप, सारे पाहतो.

यात नवे ते काय, असे आपल्यापैकी अनेकांना वाटेल, आणि ते चुकीचेही नाही. सुश्रुताने १०७ मर्मे सांगितली. तालमीतला वस्ताद मालिश जाणत होता. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापून योगक्रिया प्रयोगशाळेत तपासल्या. त्यांचे थोरपण परंपरेचे गोडवे गाण्यात नव्हते, ती कसोटीला लावण्यात होते. तीच कसोटी स्टिलला लावावी आणि गल्लीतल्या हाडवैद्यालाही.

जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. व्यायाम, रुग्णशिक्षण, मालिश आणि मणक्यावरील हस्तोपचार यांना त्यात स्थान आहे. पट्टा आणि ट्रॅक्शन यांना नाही. गरीब माणूस नेमका ज्यावर पैसे घालवतो, तेच त्यातून वगळले गेले! अर्थात हस्तोपचारांचा पुरावाही फार भक्कम नाही. त्याने दमा किंवा पोटाचे विकार जातात, असे कोणी सांगू लागला तर सरळ उठून यावे.

एक धोका मुंबईकराने विशेष ध्यानी घ्यावा. येथे क्षयरोग हटलेला नाही आणि तो मणक्यालाही होतो. रात्री वाढणारी वेदना, ताप, घटते वजन, पायांत बधिरता, अशी लक्षणे असताना पाठीवर जोर देणे म्हणजे रुग्णाला पांगळे करण्याचा धोका पत्करणे. आधी निदान, मग हात. अमेरिकेतील ऑस्टिओपॅथ हा पूर्ण वैद्यकीय शिक्षण घेतलेला डॉक्टर असतो. ब्रिटनमध्ये १९९३च्या कायद्याने नोंदणी सक्तीची झाली. आपल्याकडे नुसत्या पाटीवरून काही कळत नाही.

संपूर्ण माणूस पाहायचा तर वेळ लागतो. खासगी दवाखान्यात तो विकत मिळतो. सरकारी बाह्यरुग्ण विभागात तीच सर्वांत दुर्मीळ गोष्ट. भौतिकोपचाराचे देशातील पहिले विद्यालय १९५०च्या दशकारंभी मुंबईतच, केईएम रुग्णालयात, सुरू झाले. त्या शहरात महापालिकेच्या कुर्ल्यातील भाभा रुग्णालयासारख्या प्रत्येक उपनगरी रुग्णालयात सायंकाळचा व्यायामवर्ग का असू नये? ओझे किती, यंत्राची उंची किती, झोपता कशावर, हे विचारणारा तज्ज्ञ तेथे बसावा, आणि तोही पाळी सुटल्यानंतरच्या वेळी. कंबर दाखवायला मजुराला दिवसाची मजुरी बुडवावी लागता कामा नये.