भूत शोधण्याआधी खिडकी उघडा

जुन्या न्यायालयांत, ओस तुरुंगांत रात्रभर ‘भूत’ शोधणाऱ्यांच्या चित्रफिती आता बेलापूरसारख्या गावांतही मोबाइलवर पोहोचल्या आहेत. पुण्यात १७७३ साली नारायणराव पेशव्यांचा खून झाला, त्या शनिवारवाड्याभोवतीही अशा कथा आहेतच. करमणूक म्हणून हरकत नाही. पण त्यातले ‘विज्ञान’ तपासायला हवे.

या मंडळींच्या हातातले यंत्र विद्युतचुंबकीय क्षेत्र मोजते. जुनी वायरिंग किंवा खिशातला मोबाइल, एवढ्यानेही त्याचा आकडा चढतो. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लंडनमधील एका प्रयोगात लोकांना खास खोलीत पाठवताना, काही विचित्र जाणवू शकेल, असे आधीच सांगितले होते. अनेकांना तसे जाणवलेही. मात्र क्षेत्र चालू होते की बंद, याच्याशी त्याचा संबंध आढळला नाही. मनाला मिळालेली सूचनाच पुरेशी ठरली असावी.

खरा धोका घरात आहे. बंद खोलीत कोळशाची शेगडी किंवा गॅस गिझर चालू असेल, तर वास नसलेला कार्बन मोनॉक्साइड साठू शकतो. डोके दुखते, भास होतात, जीवही जातो. अमेरिकेत १९२१ मध्ये नोंदवलेल्या एका ‘झपाटलेल्या’ घरातल्या पावलांच्या आवाजामागे बिघडलेली भट्टी निघाली.

नसलेले आवाज सतत ऐकू येणे हा मनाचा आजार असू शकतो. देवऋषीकडे घालवलेले महिने उपचारांतून वजा होतात. भूत उतरवण्यासाठी मारहाण करणे २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार गुन्हा आहे. ‘टेलिमानस’चा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे. आधी खिडकी उघडा, मग डॉक्टर गाठा.