दहावीनंतरची जमेची बाजू



गोंडपिपरीसारख्या तालुक्याच्या गावी दहावीचा निकाल लागला की आपल्या घरांतून एकच खल सुरू होतो : मुलाला चंद्रपूर-नागपूरला पाठवावे, की दुकानावर बसवावे? मधेच कोणी आयटीआयचे नाव काढले, तर वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठी पडते. ती वाट कारखान्याच्या फाटकाशी संपते, असा समज आहे. तो खरा नव्हे.

दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय व्यवसाय उत्तीर्ण झालेला विद्यार्थी तंत्रनिकेतनाच्या थेट दुसऱ्या वर्षासाठी अर्ज करू शकतो. बारावीला तांत्रिक वा व्यावसायिक विषय घेणाऱ्यांनाही ही सोय आहे. पुढे पदविकेवरून अभियांत्रिकी पदवीच्याही दुसऱ्या वर्षात जाता येते. शासकीय तंत्रनिकेतन आपल्या ब्रह्मपुरीत आहे, गडचिरोलीतही आहे.

२०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्याने तर शाळा, हस्तकौशल्य व महाविद्यालय यांना एकच माप लावले : वर्षाचे १२०० तास म्हणजे ४० श्रेयांक. ते विद्यार्थ्याच्या खात्यात जमा राहावेत, अशी योजना आहे. मात्र हुंडी लिहिली म्हणजे ती वटलीच, असे आपण व्यापारी कधी मानीत नाही. कोणते श्रेयांक कोठे मान्य होतील, हे ज्या संस्थेत पुढे शिकायचे तिलाच आधी विचारावे. आणि व्यवसाय निवडताना त्याची मुदत अवश्य पाहावी. पदविकेच्या दुसऱ्या वर्षाची सवलत दोन वर्षांच्या व्यवसायाला आहे, एका वर्षाच्या नाही.